टोप्या मिळेनात, तर चकमकीकडे वळावं का?

कोयनाकाठ (मूळ धागा)
ठासणीच्या (तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीच्या टोप्यांची, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं फुटून बार पेटवणाऱ्या त्या छोट्या वाट्यांची, रड आता कायमची झाली आहे. दुकानात विचारलं की "पुढच्या आठवड्यात बघा". २०२० नंतर अमेरिकेतसुद्धा हेच झालं. तिथे काडतुसांचे प्रायमर (काडतुसाच्या बुडातला पेटवणारा भाग) आणि टोप्या एकाच कारखान्यात बनतात. मागणी वाढली की आधी प्रायमर काढतात, टोप्या मागे पडतात.

माझं मत सरळ आहे. ज्यांना निशाण्यावर बार टाकायचे आहेत त्यांनी चकमकीची, म्हणजे दगड पोलादावर आपटून ठिणगीनं पेटणारी, बंदूक धरावी. दारू, शिसं आणि गार (चकमकीचा दगड) एवढ्यावर काम भागतं. गार चांगली असेल आणि नीट बसवली असेल तर तीस-चाळीस बार सहज निघतात. टोपी मात्र प्रत्येक बाराला एक जातेच.

फक्त बसवणूक काटेकोर हवी. गार कातड्याच्या किंवा शिशाच्या पट्टीत धरायची. घोडा अर्ध्यावर असताना तिची धार ठिणगी पाडणाऱ्या पोलादी पट्टीपासून दीड-दोन मिलिमीटरवर आणि त्या पट्टीला समांतर राहिली पाहिजे. ठोका पट्टीच्या वरच्या तिसऱ्या भागात पडावा. रंजक (बाहेरच्या वाटीत घालायची पेटवणीची दारू) अगदी बारीक दारूची, तीन-चार ग्रेनच (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), आणि कानाच्या, म्हणजे नळीत आग जायच्या भोकाच्या, खालच्या कडेपर्यंत. काठोकाठ भरली की कान बुजतो. मग रंजक वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा उडतो.

शिराळा_पेठ
दादा, हे सगळं उन्हाळ्यापुरतं ठीक. पाटण, शिराळ्याच्या बाजूला चार महिने हवा ओली असते, रंजक दहा मिनिटांत ओलावा धरते. टोपी आली त्यात हेही एक कारण होतं. १८३४ साली ब्रिटिशांनी सगळ्या हवामानात सहा-सहा हजार बार टाकून पाहिले. टोपीच्या बंदुका ३६ वेळा पेटल्या नाहीत. चकमकीच्या तेरात दोनदा, म्हणजे शंभरात पंधरा. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न तुम्ही पुन्हा उकरताय.

आणि कायद्याचं काय? शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीत बदल किंवा दुरुस्ती हा परवानाधारक कारागिराचाच धंदा आहे. टोपीचा लॉक (बार पेटवणारी यंत्रणा) काढून चकमकीचा घरी बसवला, तर टोप्यांची टंचाई परवडली म्हणाल.

मिरज_निपल
दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. टोप्या कमी पडण्याआधी त्या वाया किती जातात ते बघा की राव.

पहिला अपव्यय म्हणजे तेल जाळायला म्हणून बार भरण्याआधी दोन टोप्या फुकट उडवणं. ते बंद करा. निपल (टोपी जिच्यावर बसते ती भोकाची नळी) काढा, तिच्या वाटेत स्पिरिटमध्ये बुडवलेला पाइप क्लीनर फिरवा, मग कोरडा फिरवा. नळीत स्पिरिटचा फडका, त्यावर कोरडा फडका. निपल लावून त्याच्या तोंडाजवळ पाखराचं एक कोरडं पीस धरा, नळीतून हवा सोडली की ते हललं पाहिजे. हललं नाही तर वाट बुजलेली आहे, आणि ती टोपी उडवूनही उघडायची नाही.

दुसरा अपव्यय निपलच्या मापाचा. टोपी दहा नंबरची की अकरा, आणि निपलचा शंकू कोणत्या मापाचा, याचा मेळ नसला तर पहिला ठोका टोपी खाली बसवण्यातच जातो आणि दुसऱ्या ठोक्याला ती फुटते. लोक म्हणतात "टोपी खराब आली". टोपी ठणठणीत असते. शंकूचं डोकं घोड्याच्या मारानं चेपून पसरलेलं असतं, त्यामुळे टोपी पुरती बसत नाही. निपल कारागिराकडून बदलून घ्या. एका निपलच्या किमतीत किती टोप्या वाचतील ते तुम्हीच मोजा.

सैल बसत असेल तर तोंड किंचित चिमटून अंडाकृती करतात. एकनळी बंदुकीला चालतं. रिव्हॉल्व्हरला चालवू नका, शेजारचं दारू भरलेलं घर (चेंबर) पेटण्याचा धोका असतो. टोपी बसवताना लाकडी काडी वापरा, आणि घट्ट असेल तर जोर लावू नका, हातातच फुटते.

तिसरी खूण: बार झाल्यावर घोडा आपोआप अर्ध्यावर उठतो किंवा टोपीच्या चिंध्या होतात, म्हणजे निपलचं खालचं भोक झिजून रुंद झालंय. नव्या निपलमध्ये ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं. एकच्या पुढे गेलं तर मागे येणारी आग तुमच्या डोळ्यांकडे. चष्मा घाला.

वाई_घाट
टोपी फुटली पण बार पेटला नाही तर? लोक लागोपाठ चार टोप्या घालतात.

मिरज_निपल
तसं करू नका. नळी निशाण्याच्या दिशेनं धरून किमान मिनिटभर थांबा, बार उशिरा पेटू शकतो. मग निपल काढा, त्या भोकात दोन-तीन ग्रेन बारीक दारू सोडा, निपल परत लावा, एक टोपी. बहुतेक वेळा उडतो.

कृष्णा_पूल
खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकल्यांची दारू काढून टोपीत भरली तर? ऐकलंय की जमतं.

शिराळा_पेठ
इथे ती कृती कुणी लिहू नका. ते मिश्रण घासलं तरी पेटतं. टोपीत बसवताना बोटं जातात. शिवाय तशी टोपी म्हणजे कायद्याच्या भाषेत दारूगोळा तयार करणं. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र करायला तर, मोजके अपवाद सोडले तर, १९९२ पासून देशात बंदीच आहे.

कोयनाकाठ
यावर माझंही तेच. पण पावसाचा मुद्दा मला पटत नाही. ओल्या हवेत निशाण्यावर कोण जातं? एमएलएआयसीच्या (ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांत तीस मिनिटांत तेरा बार, त्यातले चांगले दहा मोजतात. सरावाच्या एका डावाला तेरा टोप्या गेल्या. वर्षभराचं गणित मांडा.

लॉक बदला असंही मी म्हटलेलं नाही. चकमकीची वेगळी बंदूक परवान्यावर घ्या. डेक्कनच्या बसाल्टमध्ये गारगोटी, अकीक भरपूर आहे, त्याचाही विचार करा.

वाई_घाट
अकीक ठिणगी देतो, पण स्वतःहून छिलून नवी धार देत नाही, पोलादी पट्टी लवकर खातो आणि धार बोथटली की ती काढायला ताकद लागते. चकमकी दगड बरा. आणि चकमकीच्या बंदुकीत कानातून उजव्या बाजूला आगीचा फवारा निघतो, शेजारच्या नेमबाजाला सांगितलं पाहिजे. हे कुणी लिहिलंच नाही.

शिराळा_पेठ
मग प्रामाणिकपणे सांगा, एका माणसाला दोन बंदुका, दोन परवान्यांच्या नोंदी, दोन हत्यारांची देखभाल. टोप्या साठवणं स्वस्त पडेल. परवान्यावर एका वेळी आणि वर्षभरात किती दारूगोळा ठेवता येईल ते लिहिलेलं असतं, ती मर्यादा पूर्ण वापरा. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, देवळीत किंवा चुलीजवळ नाही. डबा उघडला की लागतील तेवढ्याच टोप्या काढा, उरलेल्या हाताळल्या की घामानं गेल्या.

कोयनाकाठ
मर्यादेएवढ्या टोप्या दुकानात असल्या तर ना. आधी मिळायला पाहिजेत, मग साठवू.