गज तोंडाकडून घालू नका

तुम्ही पॉइंट टू-टू (.२२) रायफलची नळी तोंडाकडून (गोळी बाहेर पडते त्या बाजूने), तीन तुकड्यांच्या ॲल्युमिनियमच्या गजाने साफ करता असं लिहिलंय. कृपा करून थांबवा. गोळी नळी सोडते ती शेवटची कड घासली की नेम बिघडलाच. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं! रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता भाग) काढा, मागून बोअर गाईड (गज नळीत सरळ जावा म्हणून लावायची नळकांडी) बसवून एकसंध, कोटिंगवाला गज वापरा. चिंधी पुढून बाहेर आली की काढून घ्या, मळकी परत आत ओढू नका. गोळी मऊ शिशाची, त्यामुळे ब्रश रोज लागत नाही. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र तेलाचा पातळ हात हवाच, आणि रेंजवर पहिली गोळी झाडण्याआधी तो कोरड्या चिंधीने पुसून काढायचा.