शनिवारचा पास्ता: कोरडा तोलायचा की शिजलेला?

कृष्णाकाठ (मिरज), रविवार सकाळी ११.१०

नमस्कार. प्रश्न पास्त्याच्या मापाचा आहे, पण आमच्या घरात तो साधा प्रश्न नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी त्याला टाइप १ डायबिटीस निघाला. तेव्हापासून ओट्यावर वजनकाटा आणि शेजारी वही, दोन्ही कायमचे. जेवणात किती कार्ब (कर्बोदकं) जाणार ते मांडायचं आणि डॉक्टरांनी घालून दिलेल्या हिशेबाने इन्सुलिन द्यायचं. भाकरी, भात, पोहे, उपमा यांना आता हात बसलाय. ज्वारीच्या पिठाचा गोळा हातात घेतला की चाळीस ग्रॅमचा की पन्नासचा, ते कळतं. काट्यावर टाकून बघते, पण बहुतेक वेळा बरोबर निघतं.

पास्त्याला मात्र हात बसत नाही. लेकाला तो मनापासून आवडतो. दर शनिवारी संध्याकाळी करायचा असं मी त्याला कबूल केलंय, कारण दीड वर्षात त्याने बऱ्याच गोष्टी न कुरकुरता सोडल्यात.

काल काय झालं ते सांगते. चौघांसाठी पेने (नळीचा पास्ता) उकडला, सॉसमध्ये घातला नव्हता, नुसताच. त्याच्या ताटलीत काढून तोलला, दीडशे ग्रॅम भरला. पाकिटामागे लिहिलं होतं, १०० ग्रॅममध्ये कार्ब ७२. म्हणजे दीडशेला १०८. वहीत १०८ लिहिलं, इन्सुलिनचं पेन हातात घेतलं आणि थांबले. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भाताचे आम्ही ४२ धरतो. तेवढ्याच वजनाच्या पास्त्याचे १०८ कसे होतील? काहीतरी चुकतंय एवढं कळलं, काय ते कळेना. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. पोरगं ताटली पुढ्यात घेऊन बसलेलं. दहा मिनिटं झाली, पास्ता गार झाला, आणि तो म्हणाला, "आई, राहू दे, मला नको पास्ता. भात दे." भात दिला. तो जेवला, झोपला, मला मात्र झोप लागली नाही.

तर कृपया सांगा:

पाकिटावरचा आकडा कोरड्याचा की शिजलेल्याचा? कोरडा तोलायचा असेल तर एकाच पातेल्यात चौघांचं शिजतं, त्यातलं त्याचं वेगळं कसं ओळखायचं? घरातल्या एकाच वाटीने मॅकरोनी आणि फुसिली मोजली तर वजनं वेगळी येतात, मग वाटीचा उपयोग आहे का? आणि स्पॅगेटी हवी म्हणून तो मागे लागलाय, त्या काड्या मोजायच्या कशा?

तोरीनोची_सून, रविवार दुपारी २.३५

ताई, तुम्ही पेन खाली ठेवलंत हे फार बरं केलंत. भाताशी ताडून बघायचं सुचलं, तेच महत्त्वाचं होतं.

पाकिटावरचा आकडा कोरड्या पास्त्याचा असतो. पास्ता पाणी पिऊन वजनाला सव्वादोन पटीच्या आसपास जातो. म्हणजे तुमच्या ताटलीतले दीडशे ग्रॅम मुळात सहासष्ट-सदुसष्ट ग्रॅम कोरडे होते आणि कार्ब ४८ च्या घरात. तुमची भाताची शंका अगदी रास्त होती.

मी आठ वर्षं इटलीत, तोरीनोत आहे. इथे घराघरात पास्ता कोरडाच तोलतात. माझ्या सासूबाईंचा जुना काटा आहे, वर पितळी ताटली असलेला. पाण्याला उकळी आली की त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारतात, पास्ता टाकू का? तोवर प्रत्येकाने आपले ग्रॅम सांगायचे. सासरे ९०, नवरा १००, मी ७०. सगळं काट्यावर एकत्र पडतं आणि मग पातेल्यात. पाहुणे असले तरी हेच. कुणाला त्यात कंजुषी वाटत नाही. आपण "किती पोळ्या लाटू" विचारतो ना, तसंच.

इथल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने मोठ्या माणसासाठी कोरड्या पास्त्याचं माप ८० ग्रॅम धरलंय. सूपमध्ये घालायचा असेल तर त्याच्या निम्मा. अमेरिकन पाकिटावर मात्र एक वाढप ५६ ग्रॅमचं, म्हणजे त्यांचे दोन औंस. म्हणून पाकिटावर नुसतं "एक सर्व्हिंग" वाचून जाऊ नका, ग्रॅमचा आकडा बघा. शिवाय इटलीतले ८० हे पहिल्या वाढपाचे असतात, त्यामागून मासे, मांस नाहीतर भाजी येते. तुमच्या मुलाला किती, ते डॉक्टरच ठरवतील.

आता काड्या. इथे दुकानात भोकं पाडलेली एक लाकडी पट्टी मिळते, दोझा-स्पागेत्ती म्हणतात. एकाचं भोक, दोघांचं, तिघांचं, अशी ओळीने. दोघांचं भोक एकाच्या भोकाच्या दुप्पट रुंद नसतं, साधारण १.४ पटच असतं, कारण जुडी वाढते ती क्षेत्रफळाने. बोटांनी धरताना हेच फसवतं. कडं जरासं सैल पडलं की वीस-पंचवीस ग्रॅम सहज जास्त येतात.

तिकडे ती पट्टी नसेल तर नाणं घ्या. मागच्या दिवाळीत पुण्याला आले होते तेव्हा आईच्या काट्यावर करून पाहिलंय. एक रुपयाचं सगळ्यात नवं, छोटं नाणं २० मिलिमीटरचं आहे. जुडी त्याच्या कडेबरोबर घट्ट धरली की ८० ते ८५ ग्रॅम येते. दहाचं दुरंगी नाणं २७ मिलिमीटरचं, ते जवळपास दोघांचं माप. पण रुपया नवाच घ्या. जुना मोठा रुपया २५ मिलिमीटरचा होता, त्याने जुडी दीडपटीच्या वर जाते. मुलासाठी मात्र नाणं फक्त अंदाजाला, शेवटी जुडी काट्यावर आडवी ठेवायचीच.

वऱ्हाडी_बाबा (अकोला), रविवार रात्री ९.५०

ताई, माझी लेक चौदाची आहे, टाइप १ ला सहा वर्षं झाली. तुमचा दुसरा प्रश्न आमच्याही घरात होता. मुलीसाठी वेगळ्या पातेलीत शिजवायचो. एके दिवशी तीच म्हणाली, "बाबा, माझं वेगळं नका करू." तेव्हापासून एकाच पातेल्यात करतो. ते असं.

सगळ्यांचा पास्ता मिळून कोरडा तोला. समजा ३०० ग्रॅम. शिजवा, चाळणीत निथळा, नीट निथळा, नळीच्या पास्त्यात पाणी अडकून राहतं म्हणून चाळणी दोनदा झटका. रिकामं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि सगळा शिजलेला पास्ता त्यात तोला. समजा ६९० भरला. ६९० भागिले ३००, म्हणजे २.३. हा त्या दिवसाचा, त्या पातेल्याचा आकडा. मुलाला कोरडे ७० द्यायचे ठरलेत तर ७० गुणिले २.३, म्हणजे १६१ ग्रॅम शिजलेला त्याच्या ताटलीत. कार्ब मात्र कोरड्या ७० चेच मोजायचे.

हा आकडा एकदा काढून कायमचा लिहून ठेवू नका. तो दर वेळी हलतो. दोन मिनिटं जास्त शिजला की जास्त पाणी पितो, कार्ब तेवढेच राहतात आणि वजन वाढतं. कंपनी बदलली तरी फरक पडतो. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून कोरडा पास्ता ड्युरम, म्हणजे कडक दाण्याच्या, गव्हाच्या रव्याचाच लागतो. आपल्याकडे मैद्याचाही मिळतो, तो लवकर मऊ पडतो. आमच्या वहीत गेल्या वर्षभराचे आकडे आहेत, २.१ पासून २.५ पर्यंत.

आणखी एक. तेल आणि सॉस पास्ता तोलून झाल्यावरच घाला. सॉस वेगळा मोजा. व्हाइट सॉस असेल तर त्यात मैदा आणि दूध दोन्ही आहेत. दहा ग्रॅम मैद्याचे साडेसात आणि १०० मिली दुधाचे पाचच्या आसपास कार्ब होतात. बाटलीतल्या टोमॅटो सॉसमध्ये साखर असते, मागची पट्टी वाचा.

पास्त्याची साखर भातापेक्षा सावकाश चढते, त्यात चीज असलं तर आणखी उशिरा. आमच्या मुलीची दोन तासांनी बरी दिसायची आणि चार तासांनी वर जायची. तुमच्या मुलाचं वेगळं असू शकेल. डोस आपल्या मनाने बदलू नका. पण पहिले दोन-तीन शनिवार दोन तासांनी आणि चार तासांनी साखर बघून लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरांनी ती बघूनच डोसची वेळ बदलून दिली.

अन्नपूर्णा_डबे, सोमवार सकाळी ७.०५

वाटीबद्दल मी सांगते, रोज चाळीस डबे करते, दर बुधवारी पास्ता असतो. वाटीने मोजायचं तर प्रत्येक आकाराची वाटी वेगळी. २४० मिलीचा मापाचा कप सपाट भरला तर वाकडी मॅकरोनी ११० ग्रॅमच्या आसपास भरते, पेने ८५, आणि फुसिली ७५. मॅकरोनी एकमेकीत बसते, फुसिलीच्या पिळात हवा राहते. तांदळाचं तसं नाही, तांदळाचा दाणा खाली बसतो, म्हणून आपल्या आया-आज्या मापटं-चिपटं घेऊन इतकी वर्षं बिनचूक भात करत आल्या. पास्त्याला ते माप लागू नाही.

डब्याला मला दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतात, म्हणून मी कप वापरते. तुम्ही वापरू नका.

आजोबा_वाईकर, सोमवार सकाळी १०.२०

आमच्या घरी नातवंडांना माणशी दोन मुठी टाकतो. कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. इतका काटा कशाला हेच कळेना.

वऱ्हाडी_बाबा, सोमवार सकाळी १०.५५

काका, तुमच्या नातवंडांना दोन मुठी अगदी योग्य आहेत. त्यांचं शरीर जेवणाप्रमाणे इन्सुलिन आपलं आपण सोडतं. ताईंच्या लेकाला ते बाहेरून द्यावं लागतं, आणि किती द्यायचं ते जेवणाआधीच ठरवावं लागतं. मूठ वीस ग्रॅमनी चुकली तर चौदा-पंधरा कार्बचा फरक पडतो. अकरा वर्षांच्या मुलाला तेवढ्याने हातपाय थरथरेपर्यंत साखर खाली जाऊ शकते.

आजोबा_वाईकर, सोमवार सकाळी ११.१५

हे मला माहीत नव्हतं. ताई, राग मानू नका. मुलाला आशीर्वाद सांगा.

कृष्णाकाठ (मिरज), पुढचा रविवार, दुपारी १२.४०

सर्वांचे मनापासून आभार. काका, राग कसला, आशीर्वाद पोचवला.

सोमवारी डॉक्टरांशी बोलले. आकडा कोरड्याचाच हे त्यांनी पक्कं सांगितलं आणि लेकासाठी कोरडे ७० ग्रॅम ठरवून दिले. काल शनिवार. जे झालं ते आकड्यांसकट लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पेने ३०० ग्रॅम. तीन लिटर पाणी, त्यात तीस ग्रॅम मीठ (तोरीनोच्या ताईंना वेगळं विचारून घेतलं होतं, १०० ग्रॅमला एक लिटर आणि लिटरला दहा ग्रॅम). पाकिटावर अकरा मिनिटं होती, अकराच शिजवला. चाळणी दोनदा झटकली. दुसऱ्यांदा झटकल्यावर खरंच चमचाभर पाणी गळलं. मोठ्या स्टीलच्या डब्यात तोलला, ६७८ ग्रॅम. भागाकार लेकाने केला, मोबाइल न घेता, वहीच्या मागच्या पानावर: २.२६. मग ७० ने गुणून १५८. त्याने स्वतः चमच्याने एकेक पेने घालत काटा १५८ वर आणला. शेवटचा तुकडा घातल्यावर १६० झाले तर तो तुकडा काढून त्याने धाकट्या बहिणीच्या ताटलीत ठेवला.

कार्ब पास्त्याचे ५०. सॉस घरच्या टोमॅटोचा, कांदा-लसूण घालून, त्याचे ६ धरले. जेवणाआधी साखर ११८, दोन तासांनी १६१, चार तासांनी १४८. चार तासांची बघायला मी रात्री सव्वाबाराला उठले, तेव्हा तो गाढ झोपला होता. बोट टोचलं तरी जागा झाला नाही.

वऱ्हाडी बाबा, वेगळ्या पातेलीबद्दल तुमच्या लेकीने जे म्हटलं ते मी वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण काल वाढताना पातेल्याजवळच उभा राहिला.

आज दुपारी स्पॅगेटीचं पाकीट फोडलंय, शिजवायला नाही, नुसतं मोजायला. नवा रुपया शोधून आणला. लेक आणि त्याची बहीण जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेत, जुडी रुपयाला लावून बघतायत, मग काट्यावर ठेवतायत, मग काड्या मोजतायत. पहिली जुडी ८३ ग्रॅम, ९४ काड्या. आता त्याने ७० ग्रॅमला किती लागतात ते काढायला घेतलंय. बहीण मोठ्याने मोजतेय, सत्तरच्या पुढे गेलीय.