मदत हवी आहे: समुद्राखालच्या बोगद्याच्या मॉडेलचा सांधा गळतोय

अमळनेरला नववीच्या मुलांसोबत इस्तंबूलच्या मार्मराय बोगद्याचं मॉडेल करतोय. खऱ्या बोगद्यात समुद्रतळाशी ११ काँक्रीटचे भाग लवचीक सांध्यांनी जोडलेत. भूकंपात सांधे हलावेत पण फुटू नयेत, हेच मुलांना दाखवायचंय.

टबात तापीची वाळू, वर पाणी, वाळूत पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे, सांध्यांवर सायकलची ट्यूब. टब जोरात हलवला की वाळू पातळ होते, मधला रिकामा तुकडा वर उचलला जातो आणि ट्यूबच्या कडेने पाणी आत शिरतं. इपॉक्सी लावलं, तर सांधा कडक होऊन तडकला. मुलांनी ते कारण स्वतः ओळखलं, फार बरं वाटलं.

प्रदर्शन शुक्रवारी आहे; सामान इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारंच हवं. ट्यूबच्या कडा कशाने आवळू? आणि आधी वाळू ठोकून घट्ट करू की सांधा दुहेरी करू?