मुखपृष्ठ एआयने केलं तर बिघडलं कुठे?

सातरस्ता:
ओळखीच्या एका संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एआयकडून करून घेतलं. त्यावरून काल त्यांना लोक इतकं बोलले की मला राहवलं नाही. वाचक अंक घेतो तो आतल्या मजकुरासाठी. चित्र देखणं आहे ना? मग ते कुंचल्याने काढलं की संगणकाने, याची चौकशी कशाला? रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रं घराघरांत पोचवली, त्याला आज कोणी कलेची हानी म्हणत नाही.

कुंचला:
रविवर्म्याचा दाखला इथे लागूच होत नाही. त्याचं चित्र आधी हाताने रंगवलेलं असायचं. मग एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि तो दगड तयार करणारे कारागीर वेगळे. यंत्राने प्रती काढल्या, चित्र यंत्राला सुचलं नव्हतं.

मी 22 वर्षं कथाचित्रं काढतेय. कथा आली की आधी दोनदा वाचते, पेन्सिल तिसऱ्या वेळी हातात घेते. एकदा गिरगावातल्या चाळीत एकट्या राहणाऱ्या बाईंची कथा होती. मी गॅलरीतल्या दोरीवर एक पुरुषाचा शर्ट वाळत घातलेला दाखवला. लेखिकेचा फोन आला, "माझ्या कथेत शर्ट कुठाय?" अर्धा तास वाद झाला. मी म्हटलं, त्या बाई चौथ्या पानावर दोन कप चहा टाकतात आणि एकच पितात, मग शर्ट येणारच. शेवटी शर्ट राहिला. हे भांडण एआयशी कोण करणार? त्याने कथा वाचलेलीच नसते, त्याला चार ओळींची सूचना मिळालेली असते.

आणि ते मुखपृष्ठ नीट बघा. गणपतीचे दोन्ही दात शाबूत आहेत. एकदंताचे! शेजारच्या बाईची नथ उजव्या नाकपुडीत, लुगडं ना सहावारी ना नऊवारी. म्हणजे ते चित्र छापायच्या आधी त्या कचेरीतसुद्धा कोणी पाहिलं नाही. राग त्याचा आहे.

परळकर:
ताई, तुमचं सगळं पटतंय, पण एक विचारतो. आमचे वडील सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. छोट्या फोटोवर चौकोन पाडायचे, मग तेच चौकोन चाळीस फुटी कापडावर. नायिकेचा एक डोळा माणसाएवढा. परांचीवर उभं राहून जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फराटे, रस्त्यापलीकडून चेहरा. हुसेनसुद्धा याच कामावर जगले होते. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम बंद. वडिलांनी नंतर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पुढे त्याही गेल्या. तेव्हा जेजेत शिकलेला एकही चित्रकार आमच्यासाठी बोलल्याचं मला आठवत नाही. उलट ते फ्लेक्स संगणकावर करून द्यायला तुमच्यातलेच लोक होते. आता तुमच्या ताटातलं गेलं तर कला संकटात?

कुंचला:
हे लागलं. आणि खोटं नाही. मी स्वतः 2003 पासून फोटोशॉपमध्ये रंग भरते. तुमच्या वडिलांसाठी आम्ही बोलायला हवं होतं. पण तेव्हा गप्प बसलो म्हणून आताही बसायचं, हे मला मान्य नाही.

अंधेरी लोकल:
एक फरक तरीही आहे. फ्लेक्सच्या यंत्राने होर्डिंग रंगवणाऱ्यांची चित्रं चोरून स्वतःला शिकवलं नव्हतं. लायन-5बी हा जो चित्रसंग्रह ही यंत्रं शिकवायला वापरला गेला, त्यात सुमारे 585 कोटी चित्रं-मजकूर जोड्या आहेत. इंटरनेटवरून गोळा केलेल्या, कोणालाही न विचारता.

सातरस्ता:
आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच लिहिलंय की संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारा माणूस. मग संपादक कर्ते झाले.

अंधेरी लोकल:
ते कलम एआय येण्याआधीचं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या जत्रेत 2022 साली एआय चित्राला बक्षीस मिळालं. तो गृहस्थ सांगत होता, 624 वेळा सूचना बदलल्या. तरी 2023 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली. तुमच्या संपादकांनी किती वेळा बदलल्या?

मुद्रितशोधक:
कायदा राहू द्या. एआयने चित्रकाराच्या पोटावर पाय दिला म्हणताय, तो पाय आधीपासूनच होता. मी एका अंकाची मुद्रितं तपासली, धनादेश आला पुढच्या गणपतीत. त्याच अंकाच्या चित्रकाराला अंकाच्या दोन प्रती आणि शाल. शालीने घरभाडं भरायचं?

कुंचला:
सहा रेखाटनांचे पैसे मागितले तर मला उत्तर मिळालं होतं, "अहो, नाव छापलंय ना!"

सातरस्ता:
अंक काढून बघा एकदा. मी सहा वर्षं काढला. जाहिराती आटल्या, कागद महागला, विक्रेते परतीचे गठ्ठे पाठवतात. शेवटच्या दोन वर्षांत पदरचे पैसे घातले. कोणाला लुबाडायला कोणी दिवाळी अंक काढत नाही.

मुद्रितशोधक:
कागदवाल्याचे पैसे थकवलेत कधी?

सातरस्ता:
तो कागदच देणार नाही मग.

कुंचला:
बरोबर! छापखान्याला देता, बाइंडरला देता, टपालाला देता. जो अडवू शकतो त्याला मिळतं. आम्ही अडवत नाही, म्हणून आमच्या कामाला सेवा म्हणता. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी लोक अंक हातात घ्यायचे, ही आपल्या भाषेची पुण्याई आहे, आणि तुम्ही म्हणता वाचकाला फरक पडत नाही? तुम्हीच अंक काढलात आणि तुम्हीच असं बोलता, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सातरस्ता:
आवाज चढवायची गरज नाही. माझ्या अंकाच्या चित्रकाराला मी दर वर्षी पैसे दिले. उशिरा, पण दिले.

परळकर:
वडिलांना रोजच्या रोज संध्याकाळी हातात मिळायचे. तेवढं तरी बरं होतं म्हणायचं.

मुद्रितशोधक:
मूळ प्रश्नावर माझं मत: मोफत चित्र मिळतंय म्हणून एआय, आणि पूर्वी मोफत माणूस मिळत होता म्हणून माणूस. संपादकांचा हिशेब बदललेलाच नाही.

सातरस्ता:
हे सरसकट आहे, मला मान्य नाही. पण संपादकांना फोन केला. दाताची गोष्ट ऐकून गप्प झाले. माझ्याही लक्षात आली नव्हती, ते कबूल करतो. पुढच्या अंकात मुखपृष्ठ एआयचं असेल तर तसं छापतील. आतल्या कथांना चित्रकारच घेणार आहेत, असं म्हणाले.

कुंचला:
मग त्यांना सांगा, कथा जूनमध्ये पाठवा, पूर्ण पाठवा, सारांश नको. आणि दर आधी ठरवू.