व्हायरल आजार आणि घरगुती उपाय: तुमचा अनुभव काय?

घरात कोणाला ताप-सर्दी झाली की आधी वाफ, मिठाच्या गुळण्या, मध, काढा. याने आजार जातो की नुसतं बरं वाटतं, यावर आमच्याकडे दर आजारपणात वाद होतो. माझं मत सांगून टाकते: बरं वाटणं ही लहान गोष्ट नाही, पण विषाणू त्याने मरत नाही. हे विसरलं की माणूस घरीच उपाय करत बसतो आणि औषधाची वेळ निघून जाते. स्वतः पाहिलेलं लिहा, ऐकीव नको.

*

मी काढा सोडणार नाही. सर्दी झाली की आलं-मिरी उकळून घेते, घसा मोकळा होतो, झोप लागते आणि आठवड्याभरात कामाला लागते. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं थोतांड कसं म्हणायचं?

*

थोतांड कोणीच म्हणत नाही ताई, काढा जरूर घ्या. पण साधी सर्दी बहुतेकांची सात ते दहा दिवसांत आपसूक जाते. आम्ही दोघी बहिणी एकदमच आजारी पडलो होतो. ती काढा घेत होती, मी नुसतं गरम पाणी. बऱ्याही बरोबरच झालो. उतार पडायच्या आदल्या दिवशी जे घेतलं असेल, श्रेय त्याला जातं. हेपटायटिस ए च्या काविळीचंही तेच. बहुतेकांची ती आपोआप उतरते आणि नाव होतं औषध देणाऱ्याचं.

*

मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. वाफ घेताना भाजलेली मुलं आमच्याकडे येतात, आणि बहुतेकदा त्यांना भाजतं ते उकळतं पाणी सांडून. पातेलं मांडीजवळ, डोक्यावरून टॉवेल, आत काही दिसत नाही. मूल जरा हललं की पाणी थेट मांड्यांवर. असं झालंच तर भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, चिकटलेला कपडा ओढू नका. लहान मुलांना पातेल्याची वाफ देऊच नका, कळकळीने सांगते. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब घाला.

*

बाबांना कोविड झाला तेव्हा ते वाफ घेत होते आणि 'मी ठणठणीत आहे' म्हणत होते. बोलताना धाप लागत नव्हती. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के, म्हणजे धोक्याइतका कमी. बोटं गार असतील म्हणून हात चोळून पुन्हा लावला, तरी तेवढाच. लगेच हॉस्पिटलमध्ये नेलं. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोनवर ते सावरले. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांमध्ये या स्टेरॉइडने मृत्यू कमी होतात, हे 2020 मध्ये 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या औषध-चाचणीत दिसलं होतं. वाफेला माझा विरोध नाही, पण आकडा बघत राहा.

*

मधाबद्दल थोडक्यात. खोकल्याने मूल रात्री झोपत नसेल तर मधाने आराम पडतो, आमच्याकडे पडतोच. पण एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचाही नाही, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

*

साखर-मिठाचं पाणी सगळे विसरलात! जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसला तेही मारत नाही, पण जुलाबात शरीर कोरडं पडून जीव जातो आणि ते हेच पाणी थांबवतं. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. नाहीतर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा, सपाट मोजून. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो. माझी मुलगी प्यायलेलं सगळं उलटून टाकत होती, म्हणून घरचे पाणी बंद करा म्हणाले. बंद करायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचं. लघवी कमी झाली, रडताना डोळ्यांत पाणी येईना किंवा मूल मलूल पडलं, तर तडक डॉक्टरांकडे.