मदत हवी आहे: कुंपणालगतचा धोतरा कसा काढावा?

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमच्या कुंपणालगत धोतरा माजलाय. श्रावणात शेजारी महादेवाला वाहायला फळं नेतात, म्हणून आजवर ठेवला होता. काल माझी चार वर्षांची नात पिकून तडकलेलं काटेरी बोंड घेऊन बसलेली, तळहातावर बिया, अगदी मिरचीच्या बियांसारख्या! तोंडात गेल्या नव्हत्या, पण माझे हातपाय गळाले. त्यात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही विषारी द्रव्यं असतात. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो.

झाडं मुळासकट उपटायचीच आहेत. पण मातीत गळालेल्या बिया पुन्हा उगवतात, त्यांचं काय करता? उपटलेली झाडं पुरावीत का? जाळायला धुराची भीती वाटते. पलीकडे शेळ्या चरतात, त्यामुळे तणनाशक नको. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.