वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट: शिक्षकांसाठी थोड्या सूचना

‘गटावर सुप्रभातच जास्त, अभ्यास कमी’ अशी तक्रार वर्गाच्या गटांबद्दल नेहमी होते. ती खरी आहे, पण तो दोष सेटिंगचा. संदेश फक्त अ‍ॅडमिनना पाठवता येतील असं करा. उत्तरं शिक्षकांच्या खासगी चॅटवर घ्या.

सगळ्यात उपयोगी पडतं ते प्रकट वाचन. पाठातला एक परिच्छेद, मिनिटभराचा व्हॉइस मेसेज. 40 मुलांचं एकाच दिवशी मागवलंत तर ऐकण्यातच 40 मिनिटं जातात, म्हणून रोज आठ जणांची पाळी लावा. ऐकताना वेग दुप्पट करू नका. ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत त्यात निसटते. मुदत दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ठेवा, कारण बऱ्याच घरांत फोन एकच आणि तो संध्याकाळीच घरी येतो.

पोल चाचणीसाठी नकोच. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, मग हुशार मुलाच्या मागोमाग रांग लागते. वहीचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर आकार घटून अक्षर पुसट होतं.

आणि हो, साध्या गटात प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. पालकांची लेखी संमती आधी घ्या.